डॉलर कितीला, आणि कुणाच्या हिशेबाने?

वाटूर हे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातले, जालना–मंठा रस्त्यावरचे गाव. दिवाळी आटोपली की या रस्त्याने कापसाने भरलेली वाहने धावू लागतात. त्या कापसाचा भाव क्विंटलमध्ये आणि रुपयांत बोलला जातो. २०२५-२६ च्या हंगामात केंद्राने जाहीर केलेला हमीभाव मध्यम धाग्यासाठी ७,७१० रुपये आणि लांब धाग्यासाठी ८,११० रुपये होता. मात्र सरकी वेगळी होऊन कापसाची रुई झाली, की तिचा सौदा खंडीत होतो. एक खंडी म्हणजे ३५६ किलो. जगाच्या बाजारात याच रुईचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यावरून, पौंडाला इतके सेंट असा सांगितला जातो. ३५६ किलोंचे साधारण ७८५ पौंड होतात. पौंडाला ८० सेंट भाव धरला तर खंडीचे ६२८ डॉलर झाले, आणि डॉलर ८५ रुपयांना धरला तर सुमारे ५३,३८० रुपये. न्यूयॉर्कचा भाव जसाच्या तसा मराठवाड्यात लागू होत नाही; दर्जा, वाहतूक, शुल्क, गिरण्यांची मागणी यांनी तो वरखाली होतो. पण गुणाकारात डॉलरचा दर असतोच. शंभर किलो कापसातून ३४ किलो रुईचा उतारा धरला तर डॉलर एका रुपयाने हलल्यावर क्विंटलमागे रुईच्या किमतीत साठ रुपयांचा फरक पडतो. परदेशाशी आपला काही संबंध नाही असे मानणारा शेतकरीही या साठ रुपयांपासून सुटलेला नाही.

आता समजा, या भागातल्या जिनिंगवाल्यांसाठी, रुई किंवा मोसंबी बाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी कुणी संगणकप्रणाली तयार करत आहे. जालन्यात, छत्रपती संभाजीनगरात असे काम करणारी तरुण मंडळी आहेत आणि हे काम त्यांच्याकडून व्हावे असे मला मनापासून वाटते. त्यांना पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न भेटतो: डॉलरचा दर प्रणालीत आणायचा कुठून? रोज हाताने भरणे त्रासाचे, म्हणून दर पुरवणारी सेवा शोधली जाते. अशा सेवेला एपीआय म्हणतात. आपल्या प्रणालीने ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्या पद्धतीने विचारणा करायची आणि पलीकडच्या संगणकाने दर पाठवायचा, एवढीच ती सोय. जगात अशा सेवा पुष्कळ आहेत आणि त्यांच्या जाहिराती बहुतेक तीन गोष्टी सांगतात: किती चलने, किती वेगाने ताजा दर, आणि दशांश चिन्हानंतर किती आकडे. माझे म्हणणे असे की निवड या तीन गोष्टींवर करू नये. दर हा तापमानासारखा मोजून घेण्याचा आकडा नाही. ते कुणीतरी, एका वेळी, एका कामासाठी केलेले विधान आहे. म्हणून ते विधान कुणाचे, केव्हाचे आणि कशासाठीचे हे जी सेवा उलगडून सांगते ती घ्यावी, आणि त्याआधी आपल्या कामाला कोणते विधान लागते हे स्वतः ठरवावे.

२८ ऑगस्ट २०१३ चा दिवस पाहा. त्या दिवशी रुपया एका दिवसात मोठ्या प्रमाणावर कोसळला. रिझर्व्ह बँक तेव्हा दुपारी निवडक बँकांकडून भाव घेऊन संदर्भ दर जाहीर करीत असे. त्या दिवशीचा तिचा दर होता ६८.३६. संध्याकाळी बाजार मिटला तेव्हा डॉलर ६८.८० रुपयांवर होता. दिवस एक, चलनांची जोडी एक, आणि दोन आकड्यांत ४४ पैशांचे अंतर. यातला चुकीचा कोणता? कोणताच नाही. पहिला दुपारचा, दुसरा संध्याकाळचा. ‘२८ ऑगस्टचा दर काय होता?’ या प्रश्नाला एकच उत्तर देणारी सेवा यातला एक दर आपल्या वतीने निवडून मोकळी होते, आणि तो कसा निवडला हे सांगत नसेल तर आपण नेमके काय विकत घेतले हे आपल्यालाच ठाऊक नसते.

भारतापुरते बोलायचे झाले तरी चार-पाच वेगवेगळे दर कायद्याने आणि व्यवहाराने आपापल्या जागी बसलेले आहेत. संदर्भ दर काढण्याचे काम १० जुलै २०१८ पासून रिझर्व्ह बँकेऐवजी फायनान्शिअल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करते. सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेबारा या तासातली पंधरा मिनिटे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, त्या वेळात प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांवरून दर काढायचा आणि दुपारी जाहीर करायचा, अशी तिची रीत. सीमाशुल्काचा दर वेगळा. सीमाशुल्क कायद्याच्या १४ व्या कलमाखाली तो ठरतो आणि महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या गुरुवारी बदलतो. जुलै २०२४ पासून स्टेट बँकेकडून आलेला आकडा जवळच्या पाच पैशांना आणून आइसगेट या संकेतस्थळावर आपोआप प्रसिद्ध होतो. मालाच्या किमतीवर जीएसटी काढताना नियमावलीचा ३४ वा नियम याच सीमाशुल्क दराकडे बोट दाखवतो, तर सेवांसाठी तोच नियम हिशेबशास्त्राच्या सर्वमान्य तत्त्वांनुसार निघणारा दर मानतो. परदेशी चलनातल्या उत्पन्नाचे रुपये करताना १९६२ च्या आयकर नियमांतल्या ११५ व्या नियमाने स्टेट बँकेचा तार-हस्तांतरणाचा खरेदी दर मानला. तारा गेल्या, नाव राहिले. आणि ज्या दिवशी परदेशातून पैसे खात्यात उतरतात त्या दिवशी व्यापाऱ्याची स्वतःची बँक जो खरेदी दर लावते, तो या सगळ्यांहून निराळा. बँक डॉलर घेते त्या दरात आणि विकते त्या दरात अंतर ठेवते. तिची मिळकत त्या अंतरात असते. बहुतेक एपीआय मात्र खरेदी आणि विक्री यांच्या मधला आकडा देतात. तो बाजाराचा कल दाखवायला उत्तम आहे, पण त्या दराने वाटूरच्या माणसाला एकही डॉलर कुणी विकणार नाही आणि त्याच्याकडून घेणारही नाही.

सीमाशुल्कासाठी भरायच्या शिपिंग बिलाच्या रकान्यात मधला बाजारभाव भरणारी प्रणाली त्यामुळे चुकीचीच आहे, मग तो भाव सेकंदासेकंदाला ताजा होत असला तरी. तिथे पंधरवड्याचा, जुना भासणारा सीमाशुल्क दरच बरोबर. उलट आज रुई कोणत्या भावाने द्यावी हे ठरवताना पंधरवड्याचा दर कुचकामी. तिथे चालू बाजारच पाहिला पाहिजे. एकाच प्रणालीत दोन रकान्यांना दोन वेगळे दर लागतात. मूळ मुद्दा एवढ्यावरूनच सिद्ध होतो असे मला वाटते: ‘सर्वांत चांगला दर कोणता’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या रकान्यासाठी, हे विचारल्यावरच त्याला अर्थ येतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशांचा: दहा-वीस पैशांच्या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला? गणित करून पाहू. वर धरलेल्या भावाने खंडीला ६२८ डॉलर, म्हणजे दहा पैशांमागे खंडीला ६३ रुपये. १७० किलोच्या शंभर गाठींच्या जवळपास पावणेअठ्ठेचाळीस खंड्या होतात. दहा पैसे चुकले की शंभर गाठींमागे तीन हजार रुपये. २८ ऑगस्ट २०१३ सारखे ४४ पैसे चुकले की तेरा हजारांवर. मोठ्या निर्यातदाराला हे किरकोळ असेल. ज्याचा नफा खंडीमागे काही शेकड्यांत मोजला जातो त्या जिनिंगवाल्याला ते किरकोळ नाही. पैशांचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी वाद राहतो. ग्राहकाला पाठवलेल्या बिलात एक दर, बँकेच्या सूचनेत दुसरा, करविवरणात तिसरा, आणि प्रत्येक दर कुठून आला याची नोंद नाही, अशा वेळी लेखापरीक्षकाने विचारलेल्या साध्या प्रश्नाला उत्तर नसते. फरक असणे हा दोष नाही, तो का आहे हे सांगता न येणे हा दोष आहे.

एपीआयकडून येणारे उत्तर जवळून पाहिले तर बरेच काही कळते. त्यात सहसा तीन गोष्टी असतात: आधार चलन, वेळ आणि दरांची यादी. वेळ अनेकदा एका लांब आकड्यात येते, उदाहरणार्थ १३७७६७३२००. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते हा आकडा सांगतो; भारतीय वेळेने तो २८ ऑगस्ट २०१३, दुपारी साडेबाराचा क्षण. हा आकडा असेल तर दुपारचा दर कोणता आणि संध्याकाळचा कोणता हे ओळखता येते. त्याऐवजी नुसती तारीख आली तर ते दार बंद होते. तारखेतही फसगत आहे. दिवस ग्रीनविचच्या मध्यरात्री बदलत असेल तर तो आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो, आणि पहाटे पाचला केलेली नोंद आदल्या दिवसात जाऊन बसते. आधार चलनाचेही तसेच. काही सेवा फुकटच्या योजनेत फक्त युरो हेच आधार चलन देतात. डॉलर-रुपया काढायला युरो-रुपयाला युरो-डॉलरने भागावे लागते. भागाकार बरोबर येतो, पण दोन्ही आकडे एकाच क्षणाचे असतील तरच. येनमध्ये आणखी एक खोच: आपला संदर्भ दर आणि सीमाशुल्क दर दोन्ही शंभर येनमागे सांगितले जातात, तर बहुतेक एपीआय एका येनचा दर देतात. ही खोच ध्यानात नसेल तर चूक पैशांची राहत नाही, शंभरपट होते.

फुकट सेवांपैकी बऱ्याच सेवा युरोपीय मध्यवर्ती बँकेचे दर पुढे पाठवतात. ते दर विश्वासार्ह आहेत आणि कुठून आले हे उघड आहे, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण ते कोणत्या वेळचे? मध्य युरोपातल्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमाराचे, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी सहा चाळीस आणि उन्हाळ्यात पाच चाळीस. मुंबईतला बँकांमधला बाजार आता दुपारी साडेतीनलाच मिटलेला असतो. म्हणजे त्या यादीतला रुपया मुंबईच्या वेळेतला नसतोच, आणि तो आपल्या दुपारच्या संदर्भ दराशी जुळला नाही तर त्यात आश्चर्य नाही. शिवाय हे दर माहितीसाठी आहेत, सौद्यासाठी नाहीत, असे ती बँक स्वतःच सांगते. सुट्ट्यांचाही मेळ बसत नाही. गुढीपाडव्याला मुंबई बंद, त्या बँकेचे फ्रँकफर्ट चालू; ईस्टरच्या सोमवारी फ्रँकफर्ट बंद, मुंबई चालू. पाडव्याच्या दिवशी विचारणा केली तर सेवा काय करते? आदल्या दिवसाचा दर आजच्या तारखेने देते, की कालचा आहे असे सांगून देते? पहिले वागणे धोक्याचे. मार्च २०२२ च्या सुरुवातीला युरोपीय मध्यवर्ती बँकेने रुबलचा दर देणेच थांबवले. उगमच आटल्यावर जी सेवा शेवटचा आकडा रोज नव्या तारखेने पाठवत राहील, ती मूक सेवेपेक्षा वाईट.

मोठ्या नावाने हा धोका टळतो असेही नाही. १ जानेवारी २०२४ रोजी, बाजार सुट्टीवर असताना, गूगलच्या शोधात पोलंडच्या झ्लॉटीचा दर इतका घसरलेला दिसला की त्या देशाच्या अर्थमंत्र्यांना लोकांना धीर द्यावा लागला. बाजार उघडल्यावर झ्लॉटी जागच्या जागी होता. त्याच वर्षी मार्चमध्ये गूगलवरच डॉलरमागे मलेशियाचे रिंगिट ४.९८ दिसले, खरा बाजार ४.७० च्या आसपास होता, आणि मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेला खुलासा करावा लागला. हे आकडे बाहेरच्या पुरवठादारांकडून आलेले होते. खुद्द बाजारही कधी असा क्षण निर्माण करतो. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी आशियातल्या पहाटे ब्रिटिश पौंड काही मिनिटांत सुमारे ९ टक्के कोसळला आणि लगेच बराच सावरला. त्या मिनिटांतला सर्वांत खालचा भाव कोणता, यावर वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी जुळत नव्हत्या. कुणीतरी ठरवावे लागते की हा सौदा धरायचा आणि तो सोडायचा. चांगली सेवा असे आकडे कोणत्या नियमाने गाळते आणि नंतर दुरुस्ती केली तर ग्राहकाला कशी कळवते हे लिहून ठेवते. संदर्भ दर ठरवणारी माणसेही चुकतात किंवा चुकवतात. लंडनच्या दुपारी चारच्या दराशी खेळ केल्याबद्दल नोव्हेंबर २०१४ मध्ये नियामकांनी मोठ्या बँकांना सव्वाचार अब्ज डॉलरहून अधिक दंड केला, आणि पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये तो दर काढण्याची खिडकी एका मिनिटावरून पाच मिनिटांची झाली. दर कसा काढतात ही बाब किती वजनदार आहे, याचा यापेक्षा ठळक पुरावा नको.

दुसरा आक्षेप असा की मग महागडी, नामांकित सेवा घ्यावी आणि चिंता सोडावी. मोठ्या संस्थांच्या सेवा चांगल्या आहेत, त्यांची उगमाची नोंद बहुधा नीट असते, आणि ज्याचे सौदे दिवसात अनेकदा होतात त्याने ती किंमत मोजावी. पण पैसे टाकल्याने सीमाशुल्काचा रकाना बाजारभावाने भरण्याची चूक दुरुस्त होत नाही. कुणी म्हणेल, दोन सेवा घ्या आणि ताडून पाहा. ही सूचना मला आवडते, तरी तीत एक फट आहे. दोन्ही सेवा एकाच विहिरीचे पाणी आणत असतील तर आकडे रोज जुळतील आणि चुकतील तेव्हा दोन्ही एकदम चुकतील. म्हणून दुसरी सेवा निवडताना तिचा उगम वेगळा आहे ना हे आधी पाहावे. आकडे थोडे वेगळे येतील. तो फरक एरवी किती असतो हे एकदा कळले की एखाद्या दिवशी तो अचानक वाढल्यावर प्रणालीला थांबून माणसाला विचारता येते.

तिसरा आक्षेप फुकट सेवेच्या बाजूचा, आणि लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने तो सर्वांत खरा. पैसे नसताना विकत कशाला घ्यायचे? घेऊ नये; पण फुकट सेवेचा इतिहास ध्यानात असावा. याहूची भाव पुरवणारी जुनी सोय नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर बांधलेल्या कितीतरी प्रणाली एका दिवसात आंधळ्या झाल्या. फिक्सर ही सेवा आधी नोंदणीशिवाय मिळे; २०१८ मध्ये तिला नोंदणी करून मिळणारी किल्ली लागू लागली. तिची जागा घेणाऱ्या सेवांचेही पुढे तसेच झाले. यात फसवणूक नाही, सेवा चालवायला खर्च येतो. मात्र आपली प्रणाली दर मागण्याचे काम एकाच कोपऱ्यात ठेवत असेल तर सेवा बदलणे अर्ध्या दिवसाचे काम राहते. पन्नास ठिकाणी त्या सेवेचे नाव कोरलेले असेल तर आठवडे जातात. अटीही वाचाव्यात. दर पाहण्याची परवानगी म्हणजे तो साठवून ग्राहकाला दाखवण्याची परवानगी नव्हे, आणि हा फरक अनेकांना करारानंतर कळतो.

महिन्याला दोन-तीन परदेशी बिले असणाऱ्या व्यापाऱ्याला एपीआयची गरजच नाही, हेही मोकळेपणाने मान्य करायला हवे. दुपारचा संदर्भ दर पाहायचा, आइसगेटवरचा सीमाशुल्क दर पाहायचा, वहीत लिहायचा. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यात उगम, वेळ, हेतू तिन्ही आपोआप नोंदले जातात. पन्नास जिनिंगवाल्यांसाठी एकच प्रणाली चालवायची झाली की मात्र हाताची वही पुरत नाही आणि निवड करावीच लागते.

ती करताना जाहिरातीपेक्षा परीक्षा बरी. सेवेला २८ ऑगस्ट २०१३ चा डॉलर-रुपया विचारावा. ६८.३६ आला किंवा ६८.८० आला, दोन्ही चालेल. पण तो दुपारचा की संध्याकाळचा, खरेदीचा, विक्रीचा की मधला, याचे उत्तर तिच्या कागदपत्रांत सापडले पाहिजे. मग एखाद्या रविवारचा दर मागावा, पाडव्याचा मागावा, रुबलचा मागावा. मदतकक्षाला पत्र लिहून तुमचा रुपया कोणत्या बाजारातून येतो हे विचारावे आणि उत्तर किती दिवसांत, किती स्पष्ट येते ते पाहावे. महिनाभर सेवेचे आकडे आपल्याच नोंदवहीत मुंबईच्या संदर्भ दराशेजारी मांडावेत. आणि सेवा पक्की झाल्यावरही प्रत्येक बिलाच्या नोंदीत दर, त्याचे नाव, त्याचा क्षण आणि तो कुणाकडून आला हे चारही एकत्र साठवावेत. उद्या सेवा बंद पडली, दर मागे जाऊन दुरुस्त झाला किंवा सात वर्षांनी कुणी विचारायला आले, तर शंभर गाठींचे ते बिल कोणत्या डॉलरने काढले होते हे परतूरच्या कार्यालयात बसूनच दाखवता येईल.